माझ्या नणंदेचं ‘नको’

माझी नणंद आर्डिस हिची कॉलेजची सरकारी मदत बंद झाली, ती काही मार्क कमी पडले म्हणून नाही. मार्क तिला पोरांनी हेवा करावा असे होते. बंद झाली ती ‘माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको’ म्हणून, आणि कायमची बंद राहणार होती तीही एका ‘नको’मुळेच. या ‘नको’पायी मी तीस वर्षं डोकं फोडून घेतलंय, म्हणून आता सांगतेच.

मी मूळची क्लीव्हलंडची, इटालियन घरातली. आमच्याकडे हवं असेल तर हवं, नको असेल तर नको, आणि दोन्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. लग्न होऊन इथे मिनेसोटात या नॉर्वेजियन मंडळींत आले. पहिल्याच रविवारी सासूबाईंना केक विचारला. म्हणाल्या, “नको गं, पोट भरलंय.” परत विचारलं. “नको, खरंच नको.” मी केक झाकून आत ठेवला. सासूबाई घरी गेल्या आणि आठवडाभर माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलल्या नाहीत. शेवटी आर्डिसनं मला मागच्या दारी गाठलं.

“कार्मेला, तिसऱ्यांदा विचारायचं असतं,” ती म्हणाली.

“का? दोनदा नाही म्हणाल्या की त्या!”

“पहिल्यांदा विचारतात ती रीत. दुसऱ्यांदा विचारतात तो चांगुलपणा. तिसऱ्यांदा विचारलं, की समजायचं यांना खरंच द्यायचंय.”

“आणि पहिल्यालाच खावासा वाटला तर?”

“तर थांबायचं,” आर्डिस म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काय आहे!

अशी ही माणसं. दुखलं तर ‘जरासं’, वादळानं छप्पर गेलं तर ‘थोडी हवा होती’, आणि स्वर्ग जरी दाखवला तरी ‘वाईट नाही’. माझा नवरा ऑर्विल माझ्या हातची लसानिया इतकी वर्षं ओरपतोय, ‘वाईट नाही’च्या वर गेलेला नाही. आर्डिस त्याची धाकटी बहीण. त्याच्याहून उंच, पाठीवर जाड पांढरी वेणी, हात कायम कशात तरी गुंतलेले. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन केली, तेव्हा तिची नोकरी गेली. नवरा लाइल मेंढ्या पाळतो. मला वाटलं, आता हीसुद्धा मेंढ्यांमागे जाणार. तर एके दिवशी माझ्याकडे रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या घेऊन आली आणि ताटलीवरचं फडकं काढता काढता म्हणाली, “मी कॉलेजात नाव घातलंय. एक्स-रे काढायचं शिकायला.”

“काय? पन्नाशीला आलीस की तू!”

“हो. म्हटलं बघू.”

मी तिला मिठी मारली, ती दगडासारखी उभी राहिली. मिठीचीही यांना सवय नाही. मी म्हटलं, “दुसऱ्याच्या पोटातलं बघायला निघालीस, पण तुझ्या पोटात काय आहे ते काही कळू देऊ नकोस हं.” तर हसली.

मिळकत बेताची म्हणून तिला सरकारी मदत मंजूर झाली. त्या मदतीशिवाय कॉलेज शक्यच नव्हतं, हे स्वच्छ होतं. मेंढ्यांवर घर चालतं, कॉलेज चालत नाही. मदतीला एक नियम असतो. घेतलेल्या विषयांपैकी निदान दोन तृतीयांश पार पाडायचे आणि सरासरी श्रेणी ‘सी’च्या खाली जाऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना हे वाचून दाखवतात, आणि पोरं तेव्हा फोनमध्ये बघत असतात. आर्डिसनं ऐकलं होतं. पण तिच्या मनात असं बसलं, की नियम म्हणजे मार्क. मार्क चांगले असले की झालं.

पहिलं सत्र छान गेलं. चारही विषय उत्तम. वर्गातली पोरं तिला नावानं हाक मारायची आणि परीक्षेआधी तिच्याभोवती गोळा व्हायची. ख्रिसमसला मी विचारलं, कसं चाललंय? म्हणाली, “वाईट नाही.” पण मला आता थोडं वाचता येतं. बशीतली लेफ्सा, म्हणजे यांची बटाट्याची पोळी, तिनं दुसऱ्याच आग्रहाला उचलली. स्वारी खुशीत होती.

मग फेब्रुवारीत लाइल शेडच्या छपरावरचा बर्फ ओढायला चढला आणि खाली आला तो बर्फाबरोबरच. दोन्ही टाचा मोडल्या. त्याला खुर्चीत बसवलं, आणि महिन्याभरात मेंढ्या व्यायला लागल्या. ज्यानं मेंढ्यांचं बाळंतपण पाहिलंय त्याला काय सांगायचं. एकेक पोटात दोन-तीन कोकरं, कुणाचं डोकं उलटं, कुणाची आई दूधच देत नाही, आणि सगळं नेमकं थंडीत. हे सगळं आर्डिसनं एकटीनं केलं. आम्ही रस्त्याच्या पलीकडे राहतो, आणि आम्हाला कळू दिलं नाही. ऑर्विलनं रविवारी चर्चनंतर विचारलं, “काय, माणूस-बिणूस ठेवलाय ना मदतीला?” आर्डिस म्हणाली, “चाललंय.” आणि माझ्या या नवऱ्यानं त्याचा अर्थ ‘ठेवलाय’ असा घेतला. स्वतःच्या बहिणीचा! मला नंतर कळल्यावर मी त्याच्याशी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॉलेजचे तास बुडायला लागले. तिनं काय करावं? कुणाला सांगावं, दोन आठवडे मागून घ्यावेत, काही तरी बोलावं! पण नाही. तिनं चारातले तीन विषय सोडून दिले. दोन वेळ नाही म्हणून, आणि तिसरा, शरीरशास्त्र, तो तर जमत होता. पण त्यात प्रयोगाला जोडी असते. ही गोठ्यात अडकली की जोडीदारीण खोळंबायची. म्हणून सोडला. नापास होऊन मार्क बिघडवण्यापेक्षा रीतसर माघार बरी, असं तिला वाटलं. चौथ्या विषयात पहिली आली.

आता हिशोब बघा. दोन सत्रांत घेतलेले विषय आठ, पार पाडलेले पाच. दोन तृतीयांशाला जरा कमी. सोडलेला विषय ‘घेतला’ मध्ये धरतात, ‘पार पाडला’ मध्ये नाही. शरीरशास्त्र तेवढं ठेवलं असतं तर मदतीला धक्का लागला नसता. मार्क सगळे पहिल्या प्रतीचे, आणि मदत बंद!

जूनमध्ये ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी हॉटडिशवर, म्हणजे इथल्या खिमा-भाजीच्या भाजलेल्या पदार्थावर, बटाट्याचे गोळे लावत होते. ही खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “मी सप्टेंबरात जाणार नाही बहुतेक.”

“कुठे?”

“कॉलेजात. मदत थांबवली त्यांनी.”

माझ्या हातातला गोळा तिथेच राहिला. खनपटीला बसून एकेक गोष्ट काढून घेतली तेव्हा कुठे टाचा, मेंढ्या, विषय असं सगळं बाहेर आलं. मग मी म्हटलं, “अगं, पण अशा वेळी अपील करता येतं! घरात असं काही झालं तर ऐकून घेतात ते.”

“हो. त्यांचा फोन आला होता. मदत ऑफिसातले प्रुइट म्हणून आहेत. त्यांनी विचारलं, अपील करायचंय का?”

“मग?”

“मी म्हटलं, नको, राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास.”

“मग?”

“त्यांनी परत विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नको, माझ्यापेक्षा कुणा गरजूला मिळू दे.” मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मग त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.”

“आर्डिस! तू तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतीस?”

“दिवसभर फोनपाशी बसले होते,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. या बाईला मी तिच्या आईच्या अंत्यविधीला रडताना पाहिलं नव्हतं. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की काय करावं सुचेना. मी तिला हॉटडिश वाढली. तिनं नको म्हटलं. मी म्हटलं, “गप्प खा!”

अपिलाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. गुरुवारी सकाळी तिला गाडीत घातलं आणि कॉलेज गाठलं. येताना लाइलच्या इस्पितळाचे कागद घेऊन ये म्हटलं होतं, तेवढे तिनं आणले.

डेस्मंड प्रुइट हा चाळिशीतला, जाड चष्म्याचा, हसरा माणूस. न्यू जर्सीहून इकडे येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. आम्हाला बघून उठला. “या, या, बसा. कॉफी घेणार?”

“नको,” आर्डिस म्हणाली.

“बरं,” म्हणून त्यानं भांडं जागेवर ठेवलं.

मी म्हटलं, “साहेब, परत विचारा.”

“काय?”

“तिला कॉफी परत विचारा.”

माणूस सभ्य. त्यानं विचारलं, “मिसेस केलस्टाड, थोडी घेता का?”

“नको, खरंच नको. तुम्ही कशाला…”

“आता अजून एकदा,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची चेष्टा करतेय. “मिसेस केलस्टाड, घ्या ना कॉफी.”

“बरं, अर्धा कप,” आर्डिस म्हणाली. “दूध असलं तर. आणि साखर.”

डेस्मंड प्रुइट हातात भांडं धरून तसाच उभा राहिला. त्याच्या डोक्यात प्रकाश पडताना मला दिसत होता. “म्हणजे फोनवर…” तो म्हणाला.

“तेच तर सांगायला आलोय!” मी म्हटलं.

“अरे देवा! मी इथे आल्यापासून किती जणांना दोनदाच विचारलं असेन!” त्यानं कपाळाला हात लावला.

मग तो कामाला लागला. अपिलात तीन गोष्टी लागतात, त्यानं सांगितलं. काय घडलं, त्याचा पुरावा, आणि आता काय बदललंय. मी सुरुवात केली, “अहो हिचा नवरा…” तर त्यानं हात वर केला. “माफ करा, पण हे विद्यार्थ्यानं स्वतः सांगायचं असतं.” मी जीभ दातांखाली धरून बसले. आयुष्यात इतका त्रास मला कधी झाला नव्हता.

“काय झालं होतं वसंतात?” त्यानं आर्डिसला विचारलं.

“थोडी गडबड होती.”

“कसली?”

“मिस्टर जरा पडले.”

“कुठे?”

“छपरावरून.”

“बापरे! लागलं का?”

“टाचेला.”

“मुरगळली?”

“मोडली.”

“एकच?”

आर्डिसनं कपात बघितलं. “तशा दोन्ही.”

प्रुइट लिहायचा थांबला. “मग घरचं सगळं तुमच्यावर?”

“घरचं फार नसतं. मेंढ्या होत्या थोड्या.”

“थोड्या म्हणजे?”

“दोनशेच्या आसपास. व्यायला झालेल्या.”

“तुम्ही एकट्या?”

“दिवसाचं ठीक होतं,” आर्डिस म्हणाली. मी खुर्चीत उसळले, पण बोलले नाही. नोंद व्हावी.

त्यानं पुरावा मागितला. आर्डिसनं कागदांतून लाइलच्या टाचांच्या एक्स-रेची प्रत काढली, आणि मग जे झालं ते मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. बाई पुढे सरकली. “हे बघा,” म्हणाली, “किती सुंदर आलाय. ही टाचेची कड दिसते ना, ती कललेली हवी, इथे सपाट झालीय. अशी धरून काढला नसता तर ही भेग दिसलीच नसती. ज्या मुलीनं काढला तिचा हात फार चांगला आहे.” नवऱ्याच्या मोडक्या टाचेला सुंदर म्हणत होती! गाल लाल झाले होते. तीस वर्षांत तिच्या तोंडून ‘सुंदर’ ऐकलं नव्हतं मी, तिच्या लग्नातसुद्धा नाही.

“तुम्हाला हे फार आवडतं,” प्रुइट म्हणाला.

“पंधरा वर्षांची असताना मनगट मोडलं होतं. तेव्हा फोटो काढणाऱ्या बाईंनी मला दाखवला. तेव्हापासून करायचं होतं,” आर्डिस म्हणाली. मग जास्त बोलल्यासारखी मागे सरकली.

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण प्रुइटनं लेखणी खाली ठेवली. “कारण पटलंय. पुरावाही आहे. पण समिती तिसरा प्रश्न विचारणार. पुढच्या मार्चमध्ये मेंढ्या परत विणारच ना? तेव्हा काय वेगळं असेल?”

आर्डिसनं एक्स-रेची प्रत परत कागदांत सारली.

“‘मी जास्त मेहनत घेईन’ असं लिहू नका,” तो मऊ आवाजात म्हणाला. “सगळे तेच लिहितात. तुम्ही तर आधीच गरजेपेक्षा जास्त घेतलीय. काय बदललं, ते हवं. उद्या संध्याकाळपर्यंत.”

परत येताना गाडीत ती कागद मांडीवर धरून बसली होती. मला सगळं कळत होतं. समितीला उत्तर देणं सोपं होतं. ते उत्तर खरं करायचं, तर तिला लाइलकडे काही तरी मागावं लागणार होतं, आणि मागणं तर तिला येतच नव्हतं. मी म्हटलं, “आज माझ्याकडे जेवायला या दोघं. आणि मी तोंड उघडणार नाही.” तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि माझाही.

जेवायला चौघं बसलो. लाइल काठी टेकत आला, टाचा आता बऱ्या होत्या. चांगला माणूस आहे, मनाचा उमदा, पण न बोलण्यात ऑर्विलचा मोठा भाऊ शोभेल. पाऊसपाणी झालं, चर्चचं नवं छप्पर झालं. मी टेबलाखाली ऑर्विलच्या पायावर पाय ठेवून होते, म्हणजे तो मधे बोलायचा नाही. आर्डिसनं काटा खाली ठेवला.

“लाइल,” ती म्हणाली, “मला कॉलेजात परत जायचंय. आणि मार्चमध्ये मी मेंढ्यांत असणार नाही. हे मला उद्या लिहून द्यायचंय.”

लाइल गोंधळला. “पण तू तर सोडलंस ना? मला वाटलं कंटाळलीस. काही बोलली नाहीस.”

“कंटाळले नव्हते.”

“मग सांगायचंस!”

“आता सांगतेय,” आर्डिस म्हणाली. “मला हे हवंय, लाइल. खूप हवंय.”

लाइल लालबुंद झाला. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, आणि त्याच्या जातीच्या माणसाला वाईट वाटलं की तो जे करतो तेच त्यानं केलं. मोठ्या मनानं देऊ केलं.

“माझ्या टाचा आता पहिल्यासारख्या चालायच्या नाहीत,” तो म्हणाला. “एकट्याला दोनशे झेपणार नाहीत. तर मग… निम्म्या विकून टाकू का?”

हे बोलून त्यानं निर्धास्तपणे बटाटे वाढून घेतले. त्याला यापुढचं पाठ होतं. आता बायको म्हणणार, छे, कशाला. तो परत विचारणार. ती परत नाही म्हणणार. तिसऱ्यांदा विचारायचं की नाही, हे तो सावकाश, उन्हाळाभर ठरवणार होता.

“विक,” आर्डिस म्हणाली.

चमचा त्याच्या हातातून बशीत पडला. ऑर्विलनं बहिणीकडे तोंड उघडं टाकून पाहिलं. मी हसू दाबायला गेले आणि ते नाकातून बाहेर आलं. मग आर्डिसच हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि शेवटी लाइलसुद्धा. “अगं, निदान एकदा तरी नको म्हणायचंस!” तो म्हणाला.

“मग तू विकल्या नसत्यास,” ती म्हणाली.

ऑर्विलनं राहिलेल्या मेंढ्यांच्या बाळंतपणाला रोज येईन असं कबूल केलं, तेही मी पाय न दाबता. हे सगळं आर्डिसनं शुक्रवारी स्वतःच्या शब्दांत लिहिलं. दोन आठवड्यांनी समितीनं मदत परत सुरू केली, एका सत्रापुरती, घेतलेला एकही विषय सोडायचा नाही या अटीवर.

मेंढ्या न्यायचा ट्रक सप्टेंबरच्या शेवटी आला. लाइल कुंपणापाशी उभा होता, चेहरा पाडून, एकेकीला नावानं निरोप देत. त्याला एकटं वाटू नये म्हणून मी कॉफी घेऊन गेले. आर्डिस घरी नव्हती. तिचा शरीरशास्त्राचा तास होता.